लॅक्टोफेरीन
दूध, अश्रू, लाळ इ. स्रावांत व काही श्वेत रक्तकोशिकांत आढळणारे लोहबंधक प्रथिन. ते १९३९ मध्ये गाईच्या दुधात प्रथम आढळले व १९६० मध्ये शुद्ध रूपात वेगळे करण्यात आले. रेणुभार सुमारे ८०,०००. एक रेणू लोहाचे दोन आयन बांधतो. त्यामुळे जंतूंना वाढीस लागणारे लोह मिळत नाही. तथापि त्याचे कार्य एवढ्यावर संपत नाही. अनेक जंतूंच्या बाह्यावरणातील अंतर्विष महाभक्षी कोशिकांवरील ग्राहींना जोडले गेले की, शोथ निर्माण करणारे संदेश सुरू होतात. लॅक्टोफेरीन या अंतर्विषालाच चिकटते. साहजिकच संदेश सौम्य होऊन ऊतकांची हानी कमी होते.

गाईच्या चिकात हे प्रथिन नंतरच्या दुधापेक्षा कित्येक पट असते. नांदेडकडील लाल कंधारी किंवा लातूरकडील देवणी गाईचे वासरू, इतर वासरांप्रमाणेच, वारेतून प्रतिपिंडे मिळविल्याविना जन्मते. तीही त्याला चिकातूनच मिळतात व ती शोषण्याची आतड्याची क्षमता सुमारे २४ तासांत संपते. म्हणून पहिला चीक वासरालाच पाजावा लागतो. खरवस रुचकर खरा. पण उकडताना प्रथिने साखळतात व लॅक्टोफेरिनाचे हे गुण बव्हंशी नाहीसे होतात.