राखेचं वय काय?

पुण्यात जिऑलॉजी घेतलेल्यांची एक पंचाईत असते. कॉलेजच्या मागची टेकडी बघा, घाट बघा, सगळीकडे काळा कातळ. बेसॉल्ट. म्हणजे थंड झालेला लाव्हा. सिलॅबसमध्ये मात्र गाळाचे खडक ठाण मांडून बसलेले! वालुकाश्म, चुनखडी प्रत्यक्ष बघायची तर बॅग भरून चंद्रपूर नाहीतर कच्छ गाठा.

पण गाळ 'वाचायला' शिकायचं असेल तर जुन्नर तालुकाही पुरतो. नारायणगावच्या बाजूला, बोरी बुद्रुकजवळ कुकडीकाठच्या जुन्या गाळात पांढुरक्या राखेचा थर आहे. राख ज्वालामुखीची, पण सह्याद्रीतली नाही. ती आली इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून, वाऱ्यावर, तीन हजारांहून जास्त किलोमीटर कापून.

डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1980 च्या दशकात तिचा अभ्यास सुरू केला आणि वादालाही तोंड फुटलं. कारण याच गाळात आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या होत्या. राखेचं वय कळलं की हत्यारांचं कळणार, सोपं वाटतं ना? आधी उत्तर आलं सुमारे 14 लाख वर्षं. मग 6 लाख 70 हजार. मग काहींनी राखेतल्या काचकणांचं रसायन तपासून सांगितलं, ही तर 75 हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटातली! नंतरच्या अभ्यासाने काटा परत सात-आठ लाखांकडे नेला.

गाळाचा अभ्यासक इथे वेगळंच विचारतो. राख पडली तिथेच आहे, की नदीने वाहून आणून टाकली? वाहून आली असेल तर राख कितीही जुनी असो, थर तिच्यापेक्षा बराच नवा असू शकतो. मग सगळा हिशेब फिरला.

म्हणून फील्डवर गेलं की आधी टेप आणि वही. थराची जाडी, रंग, कणांचा आकार, खालची सीमा रेघेसारखी स्वच्छ आहे की अस्पष्ट. राखेत वाळू मिसळलीय? पाण्याच्या लहरींच्या खुणा दिसतात? लॅबमध्ये चाळण्या, वजनं, मायक्रोस्कोप. काम रटाळ आहे, खोटं कशाला सांगा. पण हे टाळून नुसता आकडा घेतला तर तो कशाचा आकडा हेच कळत नाही.

हत्यारांनाही तोच नियम. हातकुऱ्हाडीची धार बोटाने चाचपून बघायची. कडा झिजून गोल झाल्या असतील तर तीही नदीतून गडगडत आलेली. धार अजून टोकदार असेल, तर ती घडवणारा इथेच कुठेतरी बसला होता.