धबधबे थांबल्यावर : कोल्हापूरच्या घळींतली फाल्गुनवाट

कोल्हापूरकरांचं जंगल बहुधा जुलैत सुरू होतं आणि ऑगस्टअखेर संपतं. राऊतवाडी, बर्की, गगनबावडा या वाटांवर रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात. माणसं धबधब्याखाली भिजतात, भाजलेलं कणीस खातात आणि अंधार पडायच्या आत घरी परततात. पन्हाळा ते पावनखिंड ही पदभ्रमंतीही जुलैतलीच. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले, ती १६६० ची रात्र ऐन पावसाळ्यातली होती. त्यामुळे ती वाट चिखलातून तुडवण्यात औचित्य आहे. मात्र आपल्या घळी, खिंडी आणि ओढे समजून घ्यायचे असतील, तर माघ-फाल्गुनात, लहान गटानं आणि स्थानिक वाटाड्याच्या मागून चालावं, असं माझं ठाम मत आहे.

पाणी कुठं राहतं?

गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तिथून जेमतेम शंभर किलोमीटर पूर्वेला, शिरोळमध्ये, त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास पडतो. तरीही शिरोळची शेती पिकते, कारण पश्चिमेचं पाणी नद्या पूर्वेला नेतात. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेत विसावते.

पाऊस चार महिन्यांचा आणि नद्या बारमाही, याचं पूर्वापार गुपित डोंगराच्या पोटात आहे. सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनला. मसाई पठारावर किंवा दाजीपूरच्या सड्यांवर या काळ्या पाषाणाच्या माथ्यावर तांबड्या, सच्छिद्र जांभ्या दगडाचा थर आहे. तो पावसाचं पाणी आत घेतो आणि माठासारखा हळूहळू पाझरत राहतो. खालच्या घट्ट थराशी अडलेलं पाणी कड्याच्या कुशीतून झऱ्याच्या रूपानं बाहेर येतं. पावसाळ्यात सगळीकडेच पाणी असतं, त्यामुळे झरा कोणता आणि नुसता वाहता ओघळ कोणता, हे कळत नाही. फेब्रुवारीत ज्या खडकाखाली ओल असते, जिथं नेचे हिरवे असतात आणि गव्याच्या खुरांचे ठसे उमटलेले असतात, तीच खरी पाण्याची जागा.

घळ कशी घडते, तेही तेव्हाच दिसतं. वरचा कठीण थर टिकतो, खालचा मऊ थर झिजतो, आधार गेलेला कडा ढासळतो आणि धबधबा हळूहळू मागे सरकत जातो. पात्रात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी कोरलेले रांजणखळगे उघडे पडतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या साम्रदच्या सांदण दरीत पावसाळ्यात पाय ठेवता येत नाही. तिथल्या मोहिमा हिवाळा-उन्हाळ्यातच निघतात. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात स्टार्व्ड रॉक नावाचं उद्यान आहे. तिथं वालुकाश्मातल्या अठरा घळी आहेत आणि हिवाळा सरताना वाटाड्यांसोबत माणसं त्या पाहायला जातात, कारण वितळत्या बर्फानं धबधबे तेव्हा जागे होतात. आपल्याकडे त्याच दिवसांत धबधबे निजतात आणि त्यांनी कोरलेला खडक दिसू लागतो.

तीन वाटा

पहिली वाट पावनखिंडीची. मसाई पठार, कुंभारवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, पांढरेपाणी असा हा रस्ता. जुलैत इथं धुक्यापलीकडचं काही दिसत नाही. फेब्रुवारीत मात्र खिंडीची अरुंद कूस, दोन्ही बाजूंचे चढ आणि तळाचा खडक स्पष्ट दिसतो. मूठभर मावळ्यांनी महाराजांच्या पाठलागावरची मोठी फौज इथं का रोखून धरली असेल, ते त्या जागी उभं राहिल्यावर उमगतं. याच परिसरातून कासारी निघते.

दुसरी वाट गगनबावडा तालुक्यातल्या पळसंब्याची. गर्द झाडीतल्या ओढ्यात अवाढव्य शिळा कोरून घडवलेली रामलिंगाची एकाश्म मंदिरं आहेत. ओढा शांत असताना त्या शिळांभोवती फिरून छिन्नीचं काम नीट पाहता येतं.

तिसरी दाजीपूरची. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात हे संस्थानचं राखीव शिकाररान होतं. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झालं, १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य साकारलं. आज त्याचं क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश झाला. उतरत्या हिवाळ्यात इथं अंजनी निळ्या-जांभळ्या फुलांनी लगडते, काटेसावर आणि पांगारा पेटतात, शेकरू एका झाडावरून दुसऱ्यावर झेपावतं.

या तीन वाटांच्या पलीकडे, आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमावर २०२० मध्ये माशाची नवी जात नोंदली गेली. तिला नाव मिळालं ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’, आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. आजरा-गडहिंग्लजला पाणी देणारी नदी जिथं उगवते, तिथल्या एका कुंडावर एका जिवाचं अस्तित्व अवलंबून आहे.

वाटाड्या का हवा?

हा काळ सुखाचा असला तरी बेफिकिरीचा नाही. आटलेल्या रानात गवे पाणवठ्याच्या आसपास असतात, आणि एकांड्या नराच्या वाटेत जाणं जिवावर बेतू शकतं. कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. अत्तराचा वास, धूर, आरडाओरडा त्यांना उठवायला पुरेसा होतो. वाळक्या पाचोळ्यावरून उतारावर पाय सटकतो. १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम सुरू होतो, तेव्हा एक विडी किंवा अर्धवट विझवलेली चूल अख्खा डोंगर जाळू शकते.

धनगरवाड्यावरच्या, गावातल्या माणसाला मोहोळ कुठं आहे, गवे कुठून उतरतात, कोणता झरा फाल्गुनातही आटत नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतं. मोबाइलच्या नकाशात यातलं काही नसतं. अभयारण्यात वनखात्याची परवानगी आणि मार्गदर्शक घेऊनच जायचं असतं. बाहेरच्या रानातही हाच शिरस्ता पाळावा. २०२० मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं मंजूर केली. अशा राखीव क्षेत्राची मूळ कल्पनाच भोवतालच्या गावांना सोबत घेण्याची आहे. वाटाड्याचा मेहनताना आणि गावातल्या घरची झुणका-भाकर यातून ते सोबत घेणं प्रत्यक्षात येतं.

काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइननं कोल्हापूर शहरात येणारं पाणी याच डोंगररांगेतल्या पावसाचं आहे. म्हणून शाळा-महाविद्यालयांना आणि भटक्या मंडळांना माझी विनंती आहे. येत्या फेब्रुवारीत दहा-पंधरा जणांचा गट करा. गावातला वाटाड्या घ्या, त्याला योग्य मोबदला द्या. पहाटे निघा, पाणी सोबत ठेवा, काडीपेटी घरी ठेवा. वाटेत भेटलेल्या प्रत्येक जिवंत झऱ्याची जागा आणि तारीख वहीत लिहा, आणि ती नोंद पुढच्या वर्षीच्या गटाच्या हाती द्या. कोणता झरा टिकला आणि कोणता आटला, हे दरवर्षी कुणीतरी पाहिलं, तरच नदी वाचवण्याचं काम उगमापासून सुरू होईल.