चौदाव्या दिवसाचं वजन

आशाताई आधी रिकामी झोळी काट्याला लावतात. आकडा शून्यावर आल्यावरच त्या बाळाला मागतात. आजी त्याचं झबलं, टोपडं, लंगोट उतरवते. बाहेर पावसाची झड लागली आहे, म्हणून दार लोटून घेतलं आहे. झोळीत ठेवल्याबरोबर बाळ दोन्ही हात वर फेकतं, तोंड वाकडं करून रडू लागतं, पण त्या रडण्याला जोर नाही. काट्यावरचा आकडा हलतो, डळमळतो, थांबतो. २.४३.

आशाताई काही बोलत नाहीत. बाळाला बाहेर काढून झोळी पुन्हा रिकामी तपासतात आणि परत वजन करतात. तेच, २.४३. मग त्या कार्ड उघडतात. जन्माच्या वेळी २.६२ किलो, तिसऱ्या दिवशी २.४१, सातव्या दिवशी २.३९. आज चौदावा दिवस.

जन्मल्यानंतर पहिल्या तीन-चार दिवसांत बाळाचं वजन उतरतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. शंभरात सात, फार तर दहा भाग इतकी घट सगळीकडे दिसते. पण दहा ते चौदा दिवसांत जन्माचं वजन भरून यायला हवं, आणि चांगलं पिणाऱ्या बाळात पुढे रोज २० ते ३० ग्रॅमची भर पडत जाते. हे बाळ अजून १९० ग्रॅम मागे आहे.

"मले दूधच नाई येत, ताई," आई म्हणते. वय असेल बावीस-तेवीस. पहिलं बाळंतपण, म्हणून लाखनीला माहेरी आलेली. सासर साकोलीकडे. ती भिंतीला टेकून, डोक्याला फडकं बांधून बसली आहे आणि बोलताना कोणाकडेच पाहत नाही. "रात्रभर लावून ठेवतो, तरी रडते. मंग डबा देतो."

डबा फळीवर दिसतो आहे. शेजारी बाटली, रबरी बुचाची. त्याच्याही शेजारी घुटीचा छोटा दगड. मी डबा हातात घेऊन वळवून पाहते. आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम, ही सूचना त्यावर छापलेली आहे. १९९२ च्या कायद्याने ती छापावीच लागते, आणि अशा डब्यांची जाहिरात करायलाही त्याच कायद्याने बंदी आहे. पण डबा या फळीपर्यंत पोचायला जाहिरात लागलेली नाही. सासूबाईंचा फोन आला, 'दूध नसंल तं डबा आना', आणि मामा मेडिकलमध्ये गेला. डबा महाग आहे, म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त. पोट भरतं, बाळ झोपतं. वजन कुठून वाढणार?

आशाताई डब्यावरून कोणाला रागावत नाहीत. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण या मुलीला आजवर सगळ्यांनी फक्त सुनावलेलं आहे. 'तू नीट खात नाही.' 'तू पाणी जास्त पेते.' 'तुया अंगात दूधच नाई.' आशाताई घड्याळ काढून बाळाच्या पोटावर नजर ठेवतात आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजतात. ४८. साठच्या आत आहे, बरगड्या आत ओढल्या जात नाहीत. थर्मामीटर काखेत. ताप नाही, अंग गारही नाही. तळवे उजेडात धरून पाहतात, पिवळेपणा नाही. मग विचारतात, "दिवसातून लघवी किती वेळा?"

आजी बोटं मोजते. "चार-पाच डाव."

"सहाच्या वर पायजे. बरं, आता पाज त्याले. मी पाहतो."

या पिशवीतला काटा, घड्याळ आणि थर्मामीटर यांचा उगम इथून फार लांबचा नाही. लाखनीच्या पश्चिमेला वैनगंगा आहे. ती खाली उतरत गडचिरोलीकडे जाते, तिथे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांतल्या त्या प्रयोगात नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि २०११ पासून हेच काम देशभरातल्या आशांकडे आलं. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, अशा सहा भेटी. सगळ्या मिळून मानधन अडीचशे रुपये. आज आशाताई इथे दोन तास बसणार आहेत. त्याचा हिशेब कुठल्याच रकान्यात नाही.

मुलगी बाळाला घेते. डावीकडे पाजायचं म्हणून डाव्याच कोपरात त्याचं डोकं. बाळ छताकडे तोंड करून उताणं आहे आणि पिण्यासाठी त्याला मान वळवावी लागते. ती स्वतः त्याच्यावर वाकते, दोन बोटांच्या कात्रीत स्तन धरते आणि स्तनाग्र त्याच्या ओठांत सारते. तोंड लागताच तिचे खांदे वर जातात, पायाचे अंगठे आवळले जातात. स्तनाग्राला चीर गेलेली आहे, त्यावर खपली आहे. बाळ भराभरा चोखतं, गालांना आत खळ्या पडतात, चटचट आवाज येतो. घोट काही दिसत नाही. थोड्या वेळाने ते डोळे मिटतं.

"झोपला. पोट भरलं असंल," आजी म्हणते.

"थकला तो," आशाताई म्हणतात. "काही भेटलंच नाई त्याले."

सगळं कारण एवढंच आहे, आणि ते पाहायला कोणीतरी शेजारी बसावं लागतं. नुसतं स्तनाग्र तोंडात घेऊन बाळाला दूध ओढता येत नाही. त्याभोवतीचा काळा भाग, विशेषतः खालचा, त्याच्या तोंडात गेला पाहिजे, कारण जिभेने आणि जबड्याने दाबलं जाऊन दूध बाहेर येतं ते तिथून. तोंड नीट लागलं नाही की चीर पडते. दुखतं म्हणून आई लवकर काढून घेते. स्तन रिकामा होत नाही, आणि रिकामा न होणारा स्तन हळूहळू दूध कमी बनवतो. त्यात बाटली आली की बाळाची भूक तिथे भागते आणि अंगावरचं चोखणं आणखी कमी होतं. मग खरोखरच दूध कमी पडतं आणि घरातले म्हणतात, पाहा, आम्ही सांगत होतो.

आशाताई बाळाच्या तळव्यावर बोटाने चोळतात, कानामागे हलकं खाजवतात. ते जागं होतं. मग त्या मुलीला सरळ बसवतात आणि पाठीमागे गोधडीची घडी देतात. "तू वाकू नको. त्याले तुह्याकडे आन." बाळ आडवं, त्याचं पोट आईच्या पोटाला चिकटलेलं, कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. डाव्या बाजूला पाजायचं तर उजव्या हाताने त्याच्या पाठीला आणि मानेला आधार, डोकं मागून दाबायचं नाही. डाव्या हाताने स्तन खालून धरायचा, अंगठा आणि बोटं बाळाच्या ओठांच्या रेषेत. "वडापाव खाताना कसा दाबून तोंडाच्या रेषेत धरतो, तसा," आशाताई सांगतात, आणि मुलगी पहिल्यांदाच वर पाहते. स्तनाग्र नाकासमोर, ओठांसमोर नाही. त्याने वरच्या ओठाला नुसता स्पर्श करायचा आणि थांबायचं.

थांबणं अवघड जातं. बाळ अर्धवट तोंड उघडतं आणि ती घाईने लावू जाते. आशाताई तिचा हात धरतात. "नाई. अजून मोठं उघडू दे." पुन्हा तसंच होतं. बाळ चिडतं, लाल होतं, हातपाय झाडतं. आजीला पाहवत नाही, ती म्हणते, "द्या न आता, भुका मरून राहिला तो." आशाताई बाळाला खांद्यावर घेऊन शांत करतात आणि परत आडवं धरायला लावतात. स्पर्श, थांबणं, स्पर्श. मग ते जांभई देतात तसं मोठं तोंड उघडतं, आशाताई म्हणतात, "आता!" आणि मुलगी हाताने पाठ जवळ ओढते. हनुवटी आधी टेकते. खालचा ओठ बाहेर उलटलेला, खालचा काळा भाग दिसेनासा झालेला, नाक मोकळं.

आधी भराभर काही वेळा चोखणं. नंतर लय बदलते. हनुवटी खोल खाली जाते, क्षणभर थांबते, घशाशी हलका आवाज येतो. घोट. पुन्हा दोनदा चोखणं आणि घोट.

"दुखते?"

"लावलं तवा दुखलं," मुलगी जरा वेळाने म्हणते. "आता फक्त ओढून राहिलं."

दुसऱ्या बाजूने थेंब टपकून पोलका भिजतो आहे. पान्हा आला आहे. आजी ते पाहते आणि काही न बोलता तिच्या हाताशी फडकं आणून ठेवते. दूध नाही म्हणून हिणवली गेलेली ही मुलगी, आणि तिच्या अंगातून दूध वाहतं आहे. मला तिच्यासाठी आनंद होतो आणि तितकाच संतापही येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली शंभरातली साधारण ९५ बाळंतपणं दवाखान्यांत झालेली दिसतात. पण पहिल्या तासात अंगावर पाजलेली बाळं ५३च्या आसपास. म्हणजे आई डॉक्टर-नर्सच्या डोळ्यांसमोर असते, आणि तरी जवळजवळ निम्म्या बाळांना तो पहिला चिकाचा घोट वेळेवर मिळत नाही. खाटेशेजारी थांबून तोंड कसं लागलं ते पाहणारा माणूस तिथे कमी पडतो. चौदाव्या दिवशी ते काम पिशवी घेऊन पावसातून आलेल्या बाईच्या वाट्याला येतं.

वजन जन्माच्या खाली असल्यामुळे नुसतं शिकवून भागणार नाही, हे आशाताईंना ठाऊक आहे. त्या नर्सताईंना फोन करतात. आजच ग्रामीण रुग्णालयात दाखवायचं ठरतं. आणि मग आजी विचारते, आवाज एकदम खाली नेऊन, "भंडाऱ्याले तं नाई पाठवनार न?"

खोलीतलं बोलणं थांबतं. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. अशक्त म्हणून, वजन कमी म्हणून ठेवलेली बाळं. या जिल्ह्यातल्या कुठल्याही आजीला त्यानंतर 'बाळाला भंडाऱ्याला न्या' हे शब्द पूर्वीसारखे ऐकू येत नाहीत. आशाताई 'असं काही नसतं' म्हणत नाहीत. त्या म्हणतात, "डॉक्टर पाहतील. न्यावं लागलंच तं मी गाडीत संगं येतो. पन लेकरू पिऊन राहिलं, अंग गरम हाय, हे चांगलं हाय."

न्यावं लागत नाही. डॉक्टर बाळाला तपासतात, जीभ आणि टाळू पाहतात आणि तीन दिवसांनी वजनासाठी बोलावतात. तोवर दर दोन-अडीच तासांनी पाजायचं, झोपलं असलं तरी उठवून, रात्रीसुद्धा. एक बाजू पूर्ण पिऊन झाली की दुसरी. पाजल्यावर हाताने दूध काढायचं आणि ते वाटी-चमच्याने द्यायचं. बाटली बंद. घुटी, मध, पाणी काही नाही. बाळंतिणीचं पाणी कोणी तोडायचं नाही.

दूध काढायला आशाताई संध्याकाळी परत येऊन शिकवतात. उकळून घेतलेली वाटी. अंगठा आणि बोट काळ्या भागाच्या कडेला, आधी छातीकडे मागे दाबायचं, मग एकमेकांकडे. घासायचं नाही, ओढायचं नाही. आधी काहीच येत नाही. मग थेंब, आणि मग बारीक धार वाटीच्या कडेवर वाजते. तीन-चार चमचे होतात. शेवटचं दूध घट्टसर, पांढरं आहे. मुलगी वाटी हलवून पाहत राहते. आशाताई मोबाइलवर मुंबईच्या आयआयटीतल्या स्पोकन ट्युटोरियलचा मराठी व्हिडिओ लावून देतात. या विषयावर तिथे डॉ. रूपल दलाल यांनी मोठं काम केलेलं आहे. आजी चष्मा पुसून तो पूर्ण पाहते, मग म्हणते, "परत लाव."

सतराव्या दिवशी २.५१. कुणी फारसं हसत नाही. एका वजनावर विश्वास ठेवायची हिंमत घरात अजून नाही. रात्री उठून उठून मुलीचे डोळे खोल गेले आहेत, पण चीर भरत आली आहे.

एकविसाव्या दिवशी ऊन पडलं आहे. महामार्गावरून नागपूर-रायपूरच्या ट्रकांचा आवाज येतो आहे, आणि गल्लीतल्या बायका कमरेला पदर खोचून रोवणीला निघाल्या आहेत. झोळी, शून्य, बाळ. या वेळी ते झोळीत जोरात रडतं. २.६६. आशाताई या वेळी आकडा मोठ्याने वाचतात. चार दिवसांत दीडशे ग्रॅम, जन्माचं वजन मागे पडलं. लघवी सात-आठ वेळा.

"आता दिवसा वाटीचं दूध बंद कर, अंगावरच पाज. रात्रीचं दोन दिवस ठेव. परवा मी वजन घेतो, कमी भरलं तं परत चालू," आशाताई कार्डावर लिहिता लिहिता सांगतात.

आजीच्या मनात दुसरंच काही आहे. तिचे पऱ्हे तयार आहेत, शिवाय रोवणीच्या या दिवसांत मजुरी मिळते ती पुढे मिळत नाही. ती गेली तर चूल, धुणं आणि बाळंतीण कोण बघणार? आणि मुलगी घरकामाला लागली तर दर अडीच तासांनी पाजणं कसं व्हायचं? आशाताईंकडे याचं उत्तर नाही. त्या मामाकडे वळतात. तो दारात उभा आहे.

"सकाळचा स्वयंपाक तू करशील?"

"भात लावता येते मले," तो म्हणतो. "वरन माय जाताना करून ठेवंल."

आजी मुलीकडे पाहते, मग बाहेर निघालेल्या बायकांना हाक मारते. उद्यापासून येते म्हणून सांगते, पण दुपारच्या सुट्टीत घरी येऊन जाईन, हेही सांगते. बाळ पुन्हा तोंड उघडून शोधू लागलं आहे. मुलगी उशी ओढून सरळ बसते आणि आता तिला कोणी काही सांगावं लागत नाही.