दाखला गाडीचा, हवा रस्त्याची

विरारच्या पूर्वभागात, रेल्वे स्थानकाकडून निघून राष्ट्रीय महामार्गावरील विरार फाट्याला मिळणाऱ्या रस्त्यावर चंदनसार वसलेले आहे; आणि ज्या दप्तरात वसई तालुक्यातील वाहनांची नोंद होऊन त्यांच्या कपाळी ‘एमएच ४८’ ही अक्षरे लागतात, ते उपप्रादेशिक परिवहन कार्यालयही याच परिसरात आहे, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेकडे पहिली लोकल सुटली, तेव्हा धूर ही आगगाडीची मिरास होती. १९३६ साली उपनगरी गाड्या विरारपर्यंत विजेवर धावू लागल्या आणि रुळांनी ती मिरास हळूहळू सोडून दिली. रस्त्यांनी मात्र ती बिनतक्रार पत्करली.

या धुराचा हिशेब ठेवण्यासाठी सरकारने नेमून दिलेला दस्तऐवज म्हणजे पीयूसी. त्याची मुदत, त्याची सक्ती, २०१९ च्या दुरुस्तीने १०,००० रुपयांपर्यंत गेलेली दंडाची मर्यादा, या गोष्टी वाहनधारकांना तोंडपाठ असतात. परंतु त्या तपासणीत नेमके काय मोजले जाते, याची चौकशी फारसा कोणी करीत नाही. पेट्रोल वा सीएनजीचे वाहन जागच्या जागी सुरू ठेवून त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. डिझेलच्या उभ्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून तिच्या धुरातून प्रकाश किती अडतो ते पाहतात. श्वसनमार्गाला दाह करणारे नायट्रोजनचे ऑक्साइड या परीक्षेत येतच नाहीत, आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचणाऱ्या सूक्ष्म कणांचे वजनही कोणी करीत नाही. ज्या डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली निश्चित कर्करोगकारकांच्या वर्गात बसवले, त्याची आपल्याकडील नित्य परीक्षा अशी केवळ काळेपणावरून होते. उभ्या गाडीची परीक्षा घेऊन धावत्या गाडीबद्दल ग्वाही देणारा हा कारभार मला नेहमीच धाडसी वाटत आला आहे.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ची मानके लागू झाली आणि इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आले, ही सुधारणा निःसंशय मोठी होय. कारण गंधकाने निकामी होणारी शुद्धीकरणाची उपकरणे त्यामुळेच गाड्यांत बसवता आली. मात्र या उपकरणांना उष्णता लागते. उत्प्रेरक पुरेसा तापल्यावाचून काम करीत नाही, आणि डिझेलच्या गाळणीत साठलेली काजळी जळून जाण्यासही इंजिनाला सलग वेग मिळावा लागतो. शेअर रिक्षा, टँकर, डंपर आणि दुचाक्या यांच्या गर्दीत थांबत-सरकत जाणाऱ्या गाडीला तो वेग कोठून लाभणार? त्यात टायर आणि ब्रेक यांची झीज व चाकांनी पुन्हा उडवलेली धूळ यांची भर पडते; ही धूळ विजेवरची वाहने आल्यानेही पुरती हटणारी नाही.

हिवाळ्यात रात्री जमीन लवकर निवते, तिला लागून असलेली थंड हवा वरच्या उबदार थराखाली कोंडली जाते आणि पूर्वेकडून समुद्राकडे वाहणारा मंद वारा महामार्गावरील अवजड वाहनांचा धूर वस्तीकडे आणतो. म्हणून पहाटेची हवा स्वच्छ असते हा समज अशा ठिकाणी तपासून घ्यावा. सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालेल, असे आपले २००९ चे राष्ट्रीय मानक म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली तीच मर्यादा ५ वर आणली. २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर गेलेल्या वसई-विरारला ही तफावत उपेक्षणीय नाही.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पेट्रोल-डिझेलची वाहने टप्प्याटप्प्याने हटवण्याचा विचार व्हावा असे सुचवले, आणि राज्य शासनाने मुंबई महानगर प्रदेशासाठी अभ्यास समिती नेमली. समित्यांचे अहवाल यथावकाश येतात. तोवर कोलकात्यात वापरात आलेली, धावत्या वाहनाच्या धुरातून प्रकाशकिरण पाठवून तो जागीच मोजणारी यंत्रे विरार फाट्याच्या रस्त्यावर बसवण्यास हरकत नसावी. अडचण एकच आहे. अशा यंत्रासमोरून वाहने एकामागून एक आणि सुटी गेली, तरच कोणाचा धूर कोणता हे कळते. चंदनसारच्या संध्याकाळी तेवढे अंतर मिळवायचे, तर आधी रहदारीची कोंडीच फोडावी लागेल.