चाकांवरचा संसार

गेल्या दिवाळींत आमचा पुण्याचा पुतण्या आपलें नवें घर घेऊन आमच्या अंगणांत आला. ‘घेऊन आला’ हे शब्द अक्षरशः खरे आहेत. कारण त्या घराला चार चाकें होतीं. एका व्हॅनमध्यें बिछाना, शेगडी, कपाटें आणि पाण्याची टाकी बसवून तो व त्याची पत्नी तींतच राहूं लागलीं होतीं. दोघांचेंहि काम संगणकावरचें. तें कोठूनहि करतां येतें. पहिल्या आठ दिवसांत आपण काय काय शिकलों तें तो रंगवून सांगत होता. निम्मेंअधिक सामान परत पाठवावें लागलें. पाण्याची टाकी दुसऱ्याच दिवशीं रिती झाली. वस्तूला ठरलेली जागा नसली तर वळणावर ती डोक्यांत पडते. आणि मुक्कामाची जागा दिवस मावळण्यापूर्वींच हेरून ठेवावी. तेव्हां आमचे धाकटे बंधू म्हणाले, “अरे, हें शिकायला एवढा खर्च कशाला? दसऱ्यानंतर आपल्या वेशीवर उभा राहिला असतास, तर फुकट शिकला असतास.”

बंधूंचें बोलणें थट्टेचें, पण खोटें नव्हतें. आमच्या बीड जिल्ह्याचा मोठा भाग बालाघाटच्या डोंगरांत वसलेला आहे. पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर, केज इकडील जमीन बहुतांशीं हलकी व कोरडवाहू. एका पावसाळी पिकावर वर्ष निघत नाहीं. १९५० सालीं प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि पुढें पश्चिम महाराष्ट्रांत कारखान्यांची रांगच लागली. ऊस तोडण्यास हात हवे होते. ते आमच्या डोंगरांतून गेले. १९७२ च्या दुष्काळानें ही वाट अधिकच रुळली. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन निघावयाचें आणि पांच-सहा महिन्यांनीं परतावयाचें, हा क्रम अजून चालू आहे. या धंद्यांत नवरा-बायकोच्या जोडीस ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसांची गणना एका हत्यारानें होते. दसऱ्याचें सीमोल्लंघन आपण सोनें लुटून सायंकाळीं घरीं परततों. यांचें सीमोल्लंघन चैत्रापर्यंत संपत नाहीं.

आम्हीं पस्तीस वर्षें याच डोंगरांतील एका शाळेंत मास्तरकी केली. परंतु हे लोक जातात म्हणजे कसे जातात, तें एकदांहि पाहिलें नव्हतें. आमचा संबंध हजेरीपटाशीं. दिवाळीनंतर वर्ग निम्मा रिकामा होई, व आम्ही लाल शाईनें गैरहजेरी मांडीत असूं. एक मुलगा गणितांत फार चलाख होता. तो चैत्रांत परत आला, तेव्हां नऊचा पाढा विसरला होता. आम्हीं त्याच्या बापास चारचौघांत बोल लावला कीं, “तुम्हांला पोराच्या विद्येची चाडच नाहीं.” बाप खालीं मान घालून गेला. तोच मुलगा आज टोळींत कोयता चालवितो. पुतण्याच्या गोष्टी ऐकून आमच्या मनानें घेतलें, आणि भाऊबीजेनंतर त्याच्याच टोळीबरोबर आम्ही सांगली जिल्ह्यापर्यंत गेलों. वयास मान देऊन त्यांनीं आम्हांस ट्रकमध्यें चालकाशेजारीं बसविलें.

आमच्या वडिलांच्या पिढीस काशीयात्रेची तयारी ठाऊक होती: वळकटी, फिरकीचा तांब्या, फराळाचा डबा. येथें तयारी निराळी. पीठ आणि धान्याचीं पोतीं, जर्मनचीं भांडीं, तवा, घागरी, गोधड्या, चटया, बांबू, कोयते, एक शेळी आणि फडक्यांत बांधलेले देव. ट्रक भरतां भरतां जागा पुरेना, तेव्हां पुनः निवड सुरू झाली. पत्र्याची मोठी पेटी उतरली, पाटा-वरवंटा उतरला, आणि त्यामागून एक लहानसें दप्तर उतरलें. तें आमच्या विद्यार्थ्याच्या नऊ वर्षांच्या मुलीचें होतें. आम्हीं तें पाहिलें व गप्प राहिलों. वाटेंत तो म्हणाला, “गुरुजी, काय न्यायचं ते समद्यांलाच कळतंय. काय ठिवायचं, ते पहिल्या खेपेला कळत नाही.”

पोहोंचल्यावर पहिली रात्र उघड्यावर, ताडपत्रीखालीं गेली. दुसऱ्या दिवशीं बांबू वांकवून, चटया व पाचट लावून कोपी उभी राहिली. जागा निवडतांना कारभारणींनीं तीन गोष्टी पाहिल्या: पाणी किती दूर, पाऊस आला तर लोंढा कोठून येईल, आणि रात्रीं हांक मारली तर शेजारच्या कोपींत ऐकूं जाईल कीं नाहीं. अंघोळीचा आडोसा चार काठ्या व जुन्या लुगड्यांचा. आंत वस्तूंची मांडणी अशी कीं पहांटे तीन वाजतां, अंधारांत, हात घालावा तेथें काडेपेटी आणि हात घालावा तेथें काठवट. कारण भाकऱ्या बडवून उजाडण्यापूर्वीं फडांत पोहोंचावयाचें असतें. पाणी घागरीनें मोजलें जाई, आणि भांडीं घासलेलें पाणी शेळीच्या वांट्यास येई. ज्यांच्याकडे टायरची बैलगाडी, ते ऊस घालून कारखान्यावर जात व नंबर लागेपर्यंत रात्र गाडीखालींच काढीत. आमच्या पुतण्याचे सर्व धडे येथें होते. भेद इतकाच कीं, त्याला कंटाळा आला म्हणजे गाडी पुण्याकडे वळवितां येत होती. यांच्या डोक्यावर उचल होती. ती फिटेपर्यंत चाक मागें फिरत नाहीं.

परंतु खरा धडा निराळाच होता. दिवस उजाडला कीं कोपींत ती मुलगी आणि तिचा दीड वर्षांचा भाऊ एवढेंच उरत. आम्ही विचारलें, “हिला गांवीं कां ठेवली नाहीं?” तो म्हणाला, “दरसाल ठिवत होतो गुरुजी. माझी माय सांभाळायची. ती औंदा आषाढात गेली. आता ठिवायची कुणापाशी?”

आम्हांस त्याच्या बापाची खालीं घातलेली मान आठवली. चाडेचा प्रश्न नव्हताच. फिरता संसार एका स्थिर घरावर उभा असतो. त्या घरांतील वडील माणूस गेलें कीं मुलांचें शिक्षणहि गाडींत चढतें आणि तेथून उतरविलें जातें. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्यासारख्यांस हें कळावयास पस्तीस वर्षें लागलीं, ही लाजेची गोष्ट आहे.

घरीं येऊन आम्हीं सारें सांगितलें. कोणी म्हणालें, परक्याची मुलगी, जबाबदारी मोठी. कोणी विचारलें, जेवायला कोठें बसवावयाची? यावर आमच्या वहिनी, ज्यांना घरांतील सर्व वडील मानतात, एवढेंच म्हणाल्या, “भाऊजी, तुमचे वडील वार लावून जेवले म्हणून शिकले. त्यांना कोणी जिन्याखालीं बसविलें असतें तर?” वाद तेथेंच मिटला. आई-बापांच्या संमतीनें मुलगी आमच्याकडे आली व आमच्या नातीबरोबर शाळेंत जाऊं लागली. पहिले आठ दिवस ती रोज सायंकाळीं आपले कपडे गांठोड्यांत बांधून उशाशीं ठेवी. नातीनें फळीवर तिच्यासाठीं जागा करून दिली, तेव्हां हळूहळू तें थांबलें.

सरकारनें हंगामी वसतिगृहें काढलीं. २०२१ सालीं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीं संत भगवानबाबांच्या नांवें शासकीय वसतिगृहांची योजनाहि मंजूर केली. हें योग्यच झालें, व तें सर्वत्र नीट चालावें यासाठीं सुशिक्षितांनीं लक्ष घातलें पाहिजे. परंतु आजारी मुलाच्या कपाळावर ठेवण्यास हात लागतो, आणि पाढे म्हणवून घेण्यास संध्याकाळीं कोणी घरीं असावें लागतें. आपल्यापैकीं किती घरांचा उत्कर्ष कोणाच्या तरी वाराच्या अन्नावर झाला आहे, तें वाचकांनीं घरांतील वडील माणसांस विचारून पहावें. तें ऋण फेडण्याची सोय दर दसऱ्यास आपल्या वेशीवर उभी असते.