एमजीबीची सफर : पुनरुज्जीवित स्पोर्ट्‌स कार चालवताना

एमजीबी ही दोन आसनांची, उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार १९६२ साली बाजारात आली. १९८०पर्यंत ती ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथील कारखान्यात तयार होत होती. बंद छताचा ‘जीटी’ प्रकार धरून पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. तिचे १७९८ सीसीचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी-सीरिज’ मालिकेतले. भारतात अनेक वर्षे अँबॅसिडर ओढणारे १४८९ सीसीचे इंजिनही याच घराण्यातले. एमजीबीची ताकद सुमारे ९५ अश्वशक्ती आणि कमाल वेग ताशी १६० किलोमीटरच्या थोडा वर.

या गाडीला वेगळी चासी नाही; पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. त्यामुळे दारांखालच्या सिल्स गंजल्या की गाडीचा कणाच कमकुवत होतो. त्या कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवा आधार द्यावा लागतो. नाहीतर सांगाडा मध्ये बसतो आणि पुढे दारे नीट लागत नाहीत. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८पासून मूळ साच्यांवर एमजीबीचे नवे सांगाडे बनवते. शिसेविरहित पेट्रोल चालावे म्हणून सिलिंडर हेडमध्ये कठीण धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवतात आणि इथेनॉलमिश्रित इंधनाला टिकतील असे रबरी पाइप घालतात. नव्याने बांधलेल्या इंजिनावर पहिले काहीशे किलोमीटर जोर टाकत नाहीत.

निघण्यापूर्वी इंजिन ऑइल, पाणी आणि ब्रेक ऑइल पाहतात. दोन्ही एसयू कार्बोरेटरांच्या डॅशपॉटमध्येही थोडे तेल लागते. ते संपले तर ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते. आऱ्यांची चाके असतील तर मधले मोठे नट तांब्याच्या हातोडीने ठोकून घट्ट करतात. चावी फिरवताच मागच्या बाजूने पेट्रोल पंपाची टकटक ऐकू येते. कार्बोरेटर भरले की ती थांबते. थांबली नाही तर टाकी रिकामी आहे किंवा कुठेतरी गळती आहे. चोक ओढल्यावर कार्बोरेटरमधले जेट खाली सरकते, मिश्रणात पेट्रोल वाढते आणि थंड इंजिन चालू होते. तापेल तसा चोक आत ढकलायचा.

ॲबिंग्डनहून विटनीमार्गे बर्फर्डला जाणाऱ्या वाटेवर गाडीचे सगळे गुण कळतात. न्यूब्रिज या थेम्सवरच्या मध्ययुगीन अरुंद पुलाआधी वेग बराच उतरवावा लागतो. पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असून सुरुवातीच्या गाड्यांत पायाचा जोर वाढवणारा सर्वो नव्हता, म्हणून पेडल जोराने आणि आधीच दाबावे लागते. रॅक-अँड-पिनियन स्टिअरिंगला पॉवरची मदत नाही. थांबलेल्या गाडीत ते जड, चालत्या गाडीत मात्र हलके आणि नेमके असते. मागे पाटे असल्याने खडबडीत वळणावर गाडीची शेपटी किंचित उडते.

विटनीपुढच्या मोकळ्या ए-४० रस्त्यावर ओव्हरड्राइव्ह उपयोगी पडतो. चौथ्या गिअरमध्ये त्याचा खटका दाबला की त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे एक-पंचमांशाने कमी होतात. गरम इंजिनाचा तेलदाब अशा वेगात दर चौरस इंचाला ५० ते ८० पौंड असावा. बर्फर्डचा मुख्य रस्ता विंडरश नदीकडे तीव्र उताराने जातो. तिथे खालचा गिअर टाकून इंजिनालाच गाडी रोखू देतात. परतीच्या चढावर पहिला गिअर लागू शकतो. १९६७पूर्वीच्या गाड्यांत त्याला दात्यांची गती जुळवणारा सिंक्रोमेश नसल्याने चालत्या गाडीत तो डबल क्लच करूनच पडतो.

परतल्यावर चाकांजवळ हात नेऊन पाहतात. एखादे जास्त तापले असेल तर तिथला ब्रेक चिकटतो आहे. जमिनीवरचे तेलाचे डाग कुठून पडले तेही बघतात. टप ओला असेल तर वाळल्याशिवाय घडी घालत नाहीत. पुढची चाके ज्यांवर वळतात त्या किंगपिनना ठरावीक अंतराने ग्रीस मारावे लागते.

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठा बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणीतून सूट आहे, पण गाडी रस्त्यावर सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच. उभ्या गाडीत ब्रेकचे पिस्टन अडकतात, बॅटरी उतरते आणि पेट्रोल शिळे होते. त्यामुळे अधूनमधून इंजिन पुरते तापेल एवढा फेरफटका हाही देखभालीचाच भाग ठरतो.