आग्रा रोड, एक फियाट आणि ओलं फडकं

मे महिन्यातली दुपार. जळगाव-धुळे रस्त्यावर, पारोळ्याच्या अलीकडे आमची 1984ची पद्मिनी फियाट रुसून उभी. आबा बॉनेट उघडून पेट्रोल पंपावर ओलं फडकं पिळतायत. खान्देशातल्या उन्हात पंपातच पेट्रोलची वाफ होते, वाफ काही ओढली जात नाही, आणि इंजिन गपगार! दहा मिनिटांत निघालोही. माझ्या खिशात मात्र पुण्याहून आणलेलं एस्टिमेट होतं. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं, डबल कार्ब्युरेटर लावायचा आणि क्लासिक कारच्या रॅलीत भाव खायचा! गाडी आता माझ्या नावावर, पैसेही माझे. आबा एवढंच म्हणाले, "आधी त्या हंटरचं वाच."

वाचलं, बॉस! 1968ची लंडन-सिडनी मॅरेथॉन. 24 नोव्हेंबरला लंडनहून 98 गाड्या सुटल्या. दिल्लीहून इंदूरमार्गे मुंबईला, म्हणजे आपल्याच आग्रा रोडनं. धुळं, लळिंग, सगळं वाटेत! (आबा तेव्हा शाळकरी. शाळा बुडवून बघायला गेले होते.) मुंबईत पहिला होता रॉजर क्लार्क. त्याच्या लोटस कॉर्टिनाचं ट्विन-कॅम इंजिन म्हणजे सॉलिड प्रकरण. हिलमन हंटरवाला अँड्र्यू कोवान मागे. त्याचं 1725 सीसीचं साधं पुशरॉड इंजिन, घरगुती गाडीतलं.

मुंबईहून बोटीनं ऑस्ट्रेलिया. तिथे क्लार्कचा पिस्टन गेला. मग फोर्डच्याच एरिक जॅक्सनच्या गाडीचे पार्ट काढून त्याला बसवले (बिचारा जॅक्सन!). पुढे डिफरन्शियल बसलं. रस्त्यात दिसलेल्या एका कॉर्टिनावाल्याला पटवून त्याचा अख्खा मागचा ॲक्सल विकत घेतला! 80 मिनिटं गेली. शेवटी आघाडीवरच्या बियांकीच्या सिट्रोएनला अपघात झाला आणि 17 डिसेंबरला सिडनीत जिंकला कोवान. नशीब? होतंच थोडं. पण नशीब उघडेपर्यंत इंजिन चालू तर हवं!

कॉम्प्रेशन वाढलं की ताकद वाढते, तशी उष्णताही. त्यात पेट्रोल हलकं मिळालं की नॉकिंग सुरू, आणि पहिला मार पिस्टनला. पारोळ्याच्या उन्हात साधंच इंजिन धापा टाकतं, तिथे हे लाड कुठून?

एस्टिमेट फाडलं वगैरे नाही हं. त्यातली एक ओळ ठेवली, रेडिएटर साफ करणे. शिवाय नवे होज, नवा फॅन बेल्ट. दिवाळीत लळिंग घाट चढायचाय. शेजारी आबा असतील. फडकं त्यांनी आत्ताच डिकीत टाकलंय.